हार्लेम रेनेसाँचं साहित्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्लेम रेनेसाँ म्हणजे थोडक्यात काय?

पहिलं महायुद्ध संपल्यापासून 1930 च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांनी, चित्रकारांनी आणि गायक-वादकांनी जो धडाका लावला, त्याला पुढे हे नाव पडलं. त्या वेळचे लोक 'न्यू निग्रो' चळवळ म्हणत. गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम साठ वर्षं झाली होती. गुलामीत जन्मलेली माणसं अजून घराघरांत होती आणि त्यांची नातवंडं कवितासंग्रह छापत होती. संगीत आणि चित्रकला हा वेगळा मोठा विषय आहे, इथे फक्त साहित्याबद्दल बोलू.

न्यूयॉर्कमध्ये इतक्या वस्त्या, मग हार्लेमच का?

घरांमुळे. भुयारी रेल्वे येणार म्हणून मॅनहॅटनच्या उत्तर भागात बिल्डरांनी इमारतींवर इमारती उठवल्या. 1904 मध्ये रेल्वे सुरूही झाली, पण गोरे भाडेकरू हवे तेवढे मिळेनात. फिलिप पेटन नावाच्या कृष्णवर्णीय दलालाने ही अडचण हेरली. रिकाम्या इमारती त्याने ताब्यात घेतल्या आणि जास्त भाडं मोजायला तयार असलेले कृष्णवर्णीय भाडेकरू आणले. दुसरीकडे धड घर मिळत नसल्यामुळे ते जास्त मोजत, त्यात खुशीचा भाग नव्हता.

त्याच सुमाराला दक्षिणेतून लाखो लोक उत्तरेकडे निघाले. तिकडे झुंडीने माणसं मारली जात होती, मतदानाचा हक्क नावापुरता होता, कापसावर बोंडकिडा पडला होता. इकडे युद्धामुळे कारखान्यांना माणसं हवी होती. कॅरिबियन बेटांवरूनही लोक आले. कवी-कादंबरीकार क्लॉड मकाय जमैकाचा, ग्रंथसंग्राहक आर्टुरो शॉमबर्ग पोर्तो रिकोचा. अशा गर्दीच्या मधोमध 135 व्या रस्त्यावर सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा होती. तिथे कवितावाचनं होत, नाटकं होत, नवखे लेखक एकमेकांना भेटत. शॉमबर्गचा हजारो पुस्तकांचा आणि कागदपत्रांचा संग्रह 1926 मध्ये 10,000 डॉलरना विकत घेऊन तिथेच ठेवला गेला. आजचं शॉमबर्ग सेंटर त्यातूनच उभं राहिलं.

म्हणजे सगळे लेखक हार्लेममध्येच राहत होते?

अजिबात नाही. मकाय 1922 मध्ये अमेरिका सोडून गेला तो 1934 मध्ये परतला, आणि हार्लेमवरची त्याची गाजलेली कादंबरी परदेशात लिहिली गेली. जॉर्जिया डग्लस जॉन्सन या कवयित्रीच्या वॉशिंग्टनच्या घरी दर शनिवारी लेखकांचा अड्डा जमे. अ‍ॅन स्पेन्सर व्हर्जिनियातल्या लिंचबर्गमध्ये बाग सांभाळत कविता लिहीत होती. स्टर्लिंग ब्राउन या कवीला तर 'हार्लेम' या लेबलाचाच राग होता. माझ्या मते तो रास्त होता, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

सुरुवात नक्की कधी धरायची?

दोन तारखा सांगता येतील.

पहिली 1919. फेब्रुवारीत कृष्णवर्णीय सैनिकांची 369 वी पलटण फ्रान्सच्या आघाडीवरून परतली आणि फिफ्थ अव्हेन्यूवरून वाजतगाजत हार्लेमपर्यंत गेली. त्याच उन्हाळ्यात शिकागो, वॉशिंग्टन आणि इतर शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. देशासाठी लढून आलेल्यांना घरी हे बक्षीस. जुलैमध्ये मकायचं 'इफ वी मस्ट डाय' प्रसिद्ध झालं. चौदा ओळींचं, शेक्सपिअरच्या घाटाचं, यमकात चोख बसवलेलं सुनीत आणि आत सरळ प्रतिकाराची हाक : मरायचंच असेल तर कोंडलेल्या डुकरांसारखं मरायचं नाही. कवितेत वंशाचा उल्लेख एकदाही येत नाही, तरी ती कोणाची हे वाचकाला लगेच कळलं.

दुसरी तारीख 21 मार्च 1924. न्यूयॉर्कच्या सिव्हिक क्लबमध्ये जेवणाचा कार्यक्रम झाला. निमित्त होतं जेसी फॉसेटची पहिली कादंबरी 'देअर इज कन्फ्यूजन'. चार्ल्स जॉन्सन या संपादकाने मोठ्या चतुराईने गोरे प्रकाशक-संपादक आणि तरुण कृष्णवर्णीय लेखक एकाच टेबलाशी बसवले. त्या ओळखींमधून मार्च 1925 मध्ये 'सर्व्हे ग्राफिक' या मासिकाचा हार्लेम विशेषांक निघाला. त्याचे संपादक होते हॉवर्ड विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक अलेन लॉक. वर्ष संपायच्या आत अंकाचं 'द न्यू निग्रो' हे जाडजूड पुस्तक झालं आणि चळवळीला ओळखपत्र मिळालं.

ज्या बाईंच्या कादंबरीसाठी मंडळी जमली होती, त्यांच्या वाट्याला त्या संध्याकाळी फार काही आलं नाही. भाषणं बहुतेक पुरुषांची झाली. फॉसेट हे विसरल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षांनी लॉक यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते सुनावलं.

जेसी फॉसेट कोण?

या चळवळीत सर्वांत कमी श्रेय कोणाला मिळालं असं विचारलंत, तर माझं उत्तर हेच नाव आहे. 1919 ते 1926 या काळात त्या 'द क्रायसिस' मासिकाच्या साहित्य-संपादक होत्या. लँग्स्टन ह्यूज, काउंटे कलन, जीन टूमर यांचं सुरुवातीचं लेखन त्यांच्या हाताखालून गेलं. त्यांनी स्वतः चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतली 1929 ची 'प्लम बन' आजही वाचनीय आहे. मासिक सोडल्यावर त्या शाळेत फ्रेंच शिकवू लागल्या.

हे सगळं छापायला पैसा कोणाचा होता?

या साहित्याबद्दलचे निम्मे वाद इथूनच निघतात, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

एक पैसा संस्थांचा. 'द क्रायसिस' एनएएसीपी या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं मासिक होतं. त्याचे संपादक डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. 'ऑपॉर्च्युनिटी' नॅशनल अर्बन लीगचं, चार्ल्स जॉन्सन यांच्या संपादनाखाली 1923 पासून. दोघांनीही साहित्यस्पर्धा भरवल्या. 1925 च्या 'ऑपॉर्च्युनिटी' स्पर्धेत ह्यूजच्या 'द वेअरी ब्लूज' या कवितेला पहिलं बक्षीस मिळालं, तर झोरा नील हर्स्टनला कथा आणि नाटक या दोन्हींत दुसरं.

दुसरा पैसा प्रकाशकांचा. नॉफ, हार्पर, बोनी अँड लिव्हराइट यांसारखी घरं हे लेखन छापू लागली. मालक गोरे, बहुसंख्य ग्राहकही गोरे.

तिसरा पैसा आश्रयदात्यांचा, आणि इथे गोष्ट अवघड होते. शार्लट ऑसगुड मेसन ही पार्क अव्हेन्यूवरची श्रीमंत विधवा. तिला 'गॉडमदर' म्हणावं असा तिचा आग्रह असे. डिसेंबर 1927 पासून तिने हर्स्टनला महिना 200 डॉलर दिले. कामही ठरलं : दक्षिणेत फिरून लोककथा, गाणी, तोडगे गोळा करायचे. करारात मेख अशी की जमवलेल्या सामग्रीवर मालकी मेसनबाईंची. ह्यूजलाही ती दरमहा पैसे देई, आणि त्याने काय लिहावं याबद्दलची मतंही. कृष्णवर्णीय माणूस 'आदिम' आणि निरागस असतो अशी तिची ठाम समजूत होती. ह्यूजचं लेखन त्या चौकटीबाहेर जाऊ लागलं तसं 1930 मध्ये दोघांचं बिनसलं. त्याने नंतर आत्मचरित्रात लिहिलं आहे की तिला आपण आफ्रिका व्हावं असं वाटत होतं, आणि आपण तर शिकागो, कॅन्सस सिटी, हार्लेम होतो.

लँग्स्टन ह्यूजचं एवढं नाव का?

त्याने कवितेत ब्लूज आणला. ब्लूज गाण्यात पहिली ओळ म्हणतात, ती थोड्या फरकाने पुन्हा म्हणतात आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतात. हा घाट मजुरांचा, स्वयंपाकिणींचा, दारूच्या गुत्त्यांतल्या पियानोवाल्यांचा. छापील कवितेत तो आणायची कल्पना त्या वेळी अनेक सुशिक्षित कृष्णवर्णीयांनाही लाजिरवाणी वाटे.

'द वेअरी ब्लूज' जवळून बघा. लेनॉक्स अव्हेन्यूवर रात्री गॅसबत्तीच्या फिकट उजेडात एक जण जुना पियानो वाजवतोय. मोडक्या स्टुलावर मागेपुढे डोलतोय, पायाने फळीवर ठोका धरलाय. आधी गाणं म्हणतं की मी दुःख फडताळावर ठेवून देईन. पुढच्या कडव्यात सूर पालटतो : आता कशातच राम नाही, मेलो असतो तर बरं झालं असतं. शेवटी तो घरी जाऊन झोपतो, दगडासारखा किंवा मेलेल्या माणसासारखा. निवेदक फक्त ऐकणारा आहे. तो सांत्वन करत नाही, अर्थ सांगत नाही. ती कविता म्हणूनच टिकली.

त्याची 'द निग्रो स्पीक्स ऑफ रिव्हर्स' त्याहून आधीची. 1920 मध्ये मेक्सिकोला वडिलांकडे जाताना आगगाडी मिसिसिपी ओलांडत होती, तेव्हा विशीच्या आतल्या या मुलाने ती एका पाकिटाच्या मागे खरडली. युफ्रेटिस, काँगो, नाईल, मिसिसिपी अशा नद्या एकेक करून येतात. 1921 च्या जूनमध्ये ती 'क्रायसिस'मध्ये आली.

या लेखकांची आपसात भांडणं कशावरून होती?

कोणासाठी लिहायचं आणि आपलं काय दाखवायचं, यावरून.

डु बॉइस यांचं म्हणणं सरळ होतं. गोऱ्या वाचकाच्या मनात आपल्याबद्दल आधीच घाण भरलेली आहे, तर लेखकाने भान ठेवावं. 1926 च्या एका भाषणात त्यांनी सांगून टाकलं की सगळी कला प्रचारच असते आणि असायलाच हवी. लॉक यांना हे पटत नव्हतं. कलेने आधी कला असावं, असं ते म्हणत.

त्याच वर्षी जूनमध्ये 'द नेशन' साप्ताहिकात एका आठवड्याच्या अंतराने दोन लेख आले. जॉर्ज स्कायलर या खवचट पत्रकाराने लिहिलं की वेगळी 'निग्रो कला' वगैरे सगळा बागुलबुवा आहे. अमेरिकेतला कृष्णवर्णीय माणूस म्हणजे अमेरिकन माणूसच. पुढच्या अंकात ह्यूजचं उत्तर आलं. त्याची सुरुवात एका तरुण कवीपासून होते, ज्याला 'निग्रो कवी' नाही, नुसता कवी व्हायचंय. नाव दिलेलं नाही, पण बोट कलनकडे होतं असं बहुतेक मानतात. ह्यूज म्हणतो, या इच्छेच्या तळाशी गोरं होण्याची इच्छा आहे. आम्ही तरुण लेखक आमचं काळेपण न भिता, न लाजता मांडणार. गोऱ्यांना आवडलं तर ठीक, नाही आवडलं तरी ठीक. काळ्यांना आवडलं तर ठीक, नाही तरी ठीक.

माझं मत ह्यूजच्या बाजूचं आहे, पण त्याने कलनवर अन्याय केला असंही वाटतं. किट्सच्या वळणाचं सुनीत लिहिणारा कृष्णवर्णीय कवी लाचारच असतो असं थोडंच आहे? कलनचं 'येट डू आय मार्वल' वाचा. देवाच्या एकेका विचित्र करणीचा हिशेब मांडत तो शेवटच्या दोन ओळींत येतो तेव्हा अंगावर काटा येतो.

1928 मध्ये मकायची 'होम टू हार्लेम' आली. गोदी कामगार, रेल्वेतले आचारी, दारूचे अड्डे, वेश्या. पुस्तक धडाक्यात खपलं. डु बॉइस यांनी परीक्षणात लिहिलं की ते वाचून आंघोळ करावीशी वाटते.

'फायर!!' हे काय प्रकरण आहे?

नोव्हेंबर 1926. वॉलेस थर्मन, ह्यूज, हर्स्टन, ग्वेंडोलिन बेनेट, रिचर्ड ब्रूस न्यूजंट, चित्रकार एरन डग्लस अशा चमूने स्वतःचं त्रैमासिक काढलं. वडीलधाऱ्यांची परवानगी नाही, संस्थेचा पैसा नाही. किंमत एक डॉलर, म्हणजे त्या काळी चांगलीच चढी. मुखपृष्ठ लाल-काळं. आत वेश्येची कथा होती, बोलीभाषेतलं नाटक होतं आणि न्यूजंटची पुरुषावरच्या पुरुषाच्या प्रेमाची कथा होती, छोट्या छोट्या तुटक वाक्यांत, टिंबांनी जोडलेली. 1926 साली असं लिहून छापणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

त्रैमासिक एका अंकात बंद पडलं. न विकलेल्या प्रती एका तळघरात ठेवल्या होत्या, तिथे आग लागून त्यांतल्या बहुतेक जळाल्या. त्रैमासिकाचं नाव काय होतं ते वर आहेच. छपाईचं बिल थर्मनच्या गळ्यात पडलं आणि पुढची काही वर्षं त्याच्या पगारातून कापलं गेलं.

जीन टूमरचं 'केन' ही कादंबरी आहे की कवितासंग्रह?

दोन्ही, आणि नाटकही. 1921 मध्ये टूमर जॉर्जियातल्या स्पार्टा गावी काही आठवडे शाळा सांभाळायला गेला आणि त्यातून 1923 चं हे पुस्तक आलं. पहिला भाग दक्षिणेतल्या बायकांचा, दुसरा शहरांचा, तिसरा पुन्हा जॉर्जियाचा. खपलं फार कमी. नंतर टूमर गुर्जिएफ या आध्यात्मिक गुरूच्या नादी लागला आणि आपल्याला निग्रो लेखक म्हणू नये असं सांगू लागला. एकाच पुस्तकावर नाव टिकलेल्या लेखकांत तो मोडतो.

'पासिंग' म्हणजे काय?

इतक्या उजळ रंगाची कृष्णवर्णीय व्यक्ती की ती गोरी म्हणून खपते, आणि तशीच जगते. त्या काळातल्या अनेक राज्यांच्या कायद्यात आणि सगळीकडच्या व्यवहारात रक्ताचा एखादा अंशही माणसाला 'कृष्णवर्णीय' ठरवत असे, त्यामुळे या लपवाछपवीत नोकरी, घर, लग्न सगळं पणाला लागे.

नेला लार्सनची 1929 ची 'पासिंग' याच विषयावर. शिकागोत रणरणत्या उन्हात आयरीन एका उंची हॉटेलच्या गच्चीवर चहाला बसलीय. ती स्वतःही त्या क्षणी गोरी म्हणून खपतेय, एरवी तिला आत घेतलं नसतं. पलीकडच्या टेबलावरची एक सुंदर बाई तिच्याकडे एकटक बघतेय. आयरीनच्या मनात पहिली शंका येते : हिला कळलं की काय? ती बाई निघते बालमैत्रीण क्लेअर. तिचा गोरा नवरा कृष्णवर्णीयांचा कमालीचा द्वेष करतो आणि त्याला बायकोबद्दल काहीच माहीत नाही. कादंबरी दीडशे-दोनशे पानांची, आणि शेवटी नेमकं काय घडलं यावर वाचक अजून भांडतात. 2021 मध्ये तिच्यावर चित्रपट आला.

लार्सनला 1930 मध्ये गुगनहाइम फेलोशिप मिळाली, पण त्याच वर्षी एका कथेवर उचलेगिरीचा आरोप झाला. पुढे तिचं नवं काहीच प्रसिद्ध झालं नाही. ती मूळची प्रशिक्षित नर्स, आणि 1964 मध्ये वारली तोवर तिने पुन्हा तेच काम केलं.

झोरा नील हर्स्टन इतकी वर्षं विसरली कशी गेली?

ती फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या पूर्णपणे कृष्णवर्णीयांच्या गावात वाढली. तिथला महापौर कृष्णवर्णीय, दुकानदार कृष्णवर्णीय. न्यूयॉर्कला येऊन तिने फ्रान्झ बोआस यांच्याकडे मानववंशशास्त्र शिकलं. तिच्या लेखनात माणसं अंगणात, दुकानाच्या ओट्यावर बसून थापा मारतात, भांडतात, प्रेम करतात, आणि गोरा माणूस पानोपान दिसत नाही. 1937 ची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' तिने हैतीत सात आठवड्यांत लिहिली. कृष्णवर्णीय लेखक रिचर्ड राइटने तिच्यावर सडकून टीका केली : यात संघर्ष नाही, गोऱ्यांचं मनोरंजन आहे. पुढच्या दशकात निषेधाच्या साहित्याला मान होता, त्यात हर्स्टन बसेना. तिची राजकीय मतंही अनेकांना रुचत नव्हती. 1960 मध्ये ती फोर्ट पिअर्स इथे सरकारी आश्रयगृहात वारली आणि तिच्या कबरीवर दगडही नव्हता. 1973 मध्ये लेखिका ॲलिस वॉकर तण तुडवत ती कबर शोधायला गेली, दगड बसवला आणि त्यावर लेख लिहिला. त्यानंतर पुस्तकं पुन्हा छापली जाऊ लागली.

चळवळ संपली कधी?

1929 मध्ये शेअर बाजार कोसळला आणि आश्रयदाते, बक्षिसं, प्रकाशकांचा उत्साह, सगळंच आटलं. डिसेंबर 1934 मध्ये एकाच आठवड्यात थर्मन आणि डॉक्टर-कादंबरीकार रुडॉल्फ फिशर दोघेही गेले, ऐन उमेदीत. मार्च 1935 मध्ये हार्लेममध्ये दंगल झाली. लेखक मात्र लिहीत राहिले. हर्स्टनची उत्तम कादंबरी या 'शेवटा'नंतरची आहे. पॅरिसमध्ये सेंगोर, सेझेर, दामास हे तरुण हार्लेमचे कवी वाचत होते आणि त्यातून नेग्रिट्यूड ही फ्रेंच भाषेतली कृष्णवर्णीयांची साहित्यचळवळ आकाराला येत होती.

बाबासाहेब आंबेडकर या काळात न्यूयॉर्कमध्ये होते ना?

नाही, ते आधी. कोलंबिया विद्यापीठ हार्लेमला लागून आहे हे खरं, पण बाबासाहेब तिथे 1913 ते 1916 या काळात शिकले. ह्यूज त्याच विद्यापीठात दाखल झाला तो 1921 मध्ये (आणि वर्षभरात सोडूनही गेला). समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या कथांवर विश्वास ठेवू नका. नोंद आहे ती 1946 ची : बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाबद्दल विचारणा केली आणि डु बॉइस यांनी उत्तरही दिलं. भारताशी आणखी एक धागा म्हणजे डु बॉइस यांची 1928 ची कादंबरी 'डार्क प्रिन्सेस'. तिची नायिका भारतीय राजकन्या आहे. कादंबरी म्हणून ती फसलेली आहे, पण कुतूहल म्हणून चाळायला हरकत नाही.

दलित साहित्यावर हार्लेमचा प्रभाव पडला का?

थेट प्रभाव असं म्हणणं मला धाडसाचं वाटतं. 1972 च्या दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरचं, म्हणजे हार्लेम रेनेसाँ ओसरल्यावर तीन दशकांनी जन्मलेल्या संघटनेचं. मात्र मराठवाड्यातल्या प्राध्यापक-लेखकांनी अमेरिकन कृष्णवर्णीय साहित्याचा अभ्यास केला, त्याबद्दल मराठीत लिहिलं. जनार्दन वाघमारे यांचं काम त्यात ठळक आहे. वाद मात्र चकित करण्याइतके सारखे आहेत : बोली की प्रमाणभाषा, मध्यमवर्गीय वाचकाला काय दाखवायचं, 'आमचं' साहित्य वेगळं का.

वाचायला सुरुवात कुठून करू?

'पासिंग'पासून. छोटी आहे, इंग्रजी सोपं आहे, खाली ठेववत नाही. मग ह्यूजच्या कविता, मग 'केन'. 1929 पर्यंत अमेरिकेत छापलेली पुस्तकं तिथल्या स्वामित्वहक्कातून मोकळी झाली आहेत, त्यामुळे अनेक इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळतात. हर्स्टन शेवटी घ्या. तिच्या संवादांचं स्पेलिंग उच्चारानुसार आहे, नुसत्या डोळ्यांनी वाचलं तर अडखळायला होतं. अहिराणी किंवा वऱ्हाडी संवाद छापील पानावर दचकवतात पण मोठ्याने वाचले की कानाला कळतात, तसंच हे. ऑडिओबुक मिळालं तर पहिली दोन प्रकरणं ऐका आणि मग पुस्तक उघडा.